दम्याचा पंप : आराम आणि आभास

पन्नास-साठ मुलांच्या वर्गात दम्याचा त्रास असलेले एखाद-दुसरे मूल बहुधा असतेच. त्याच्या दप्तरात मुठीत मावेल एवढा, बहुतेक वेळा निळ्या रंगाचा पंप असतो. धाप लागली, छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला की ते पंप तोंडात धरते, दाबते आणि औषध आत ओढते. पाच-दहा मिनिटांत मूल पुन्हा खेळायला मोकळे होते. शिक्षक निश्चिंत होतात, पालक तर आधीच निश्चिंत असतात. ‘पंप जवळ आहे ना, मग काळजी नाही,’ हे वाक्य आपण सर्वांनीच ऐकलेले असते.

या लेखात या निश्चिंतपणाची तपासणी करायची आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. झटका आलेला असताना हा पंप जीव वाचवतो. तो घेऊ नये, लपवून घ्यावा किंवा त्याची ‘सवय लागते’ म्हणून टाळावा, असे येथे मुळीच सुचवायचे नाही. आक्षेप आहे तो त्याच्या झटपट परिणामाचा आपण जो अर्थ लावतो त्यावर, आणि जवळजवळ पन्नास वर्षे केवळ या एका औषधाच्या भरवशावर ‘सौम्य’ दम्याचे रुग्ण सोडून देणाऱ्या उपचारपद्धतीवर. या पद्धतीची चूक कशी लक्षात आली, हा इतिहास विज्ञान शिकवणाऱ्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे.

नळीचे गणित

दम्यात फुफ्फुसांतील लहान श्वासनलिका अरुंद होतात. याला तीन कारणे असतात. पहिले, नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात. दुसरे, नलिकांच्या आतील अस्तराला दाह होऊन सूज येते. तिसरे, चिकट कफ साचून मार्ग आणखी अडतो. धूर, धूळ, परागकण, थंड हवा, सर्दीचे विषाणू अशा गोष्टींनी झटका येतो. पण त्या गोष्टी निमित्तमात्र असतात. अस्तर आधीच सुजलेले आणि हुळहुळे झालेले असते, म्हणून तर दुसऱ्याला न जाणवणारा धूर अशा मुलाला सोसत नाही.

नलिका थोडी अरुंद झाली तर एवढे काय बिघडते? येथे भौतिकशास्त्र मदतीला येते. नळीतून संथपणे वाहणाऱ्या द्रायूला होणारा विरोध नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, हा प्वाझेयचा नियम वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना माहीत असतो. त्रिज्या निम्मी झाली तर विरोध दुप्पट किंवा चौपट नव्हे, तर सोळापट होतो. फुफ्फुसातील हवेचा प्रवाह सर्वत्र इतका संथ नसतो, त्यामुळे हा नियम तेथे तंतोतंत लागू पडत नाही. तरी कल्पना येण्यास तो पुरेसा आहे. जाड आणि बारीक अशा दोन स्ट्रॉमधून आळीपाळीने श्वास घेऊन पाहिला की फरक लगेच कळतो. (दमा असलेल्या मुलांना मात्र हा प्रयोग करायला लावू नये.)

हेच गणित उलट दिशेनेही चालते. आवळलेले स्नायू थोडेसे सैल झाले तरी विरोध झपाट्याने कमी होतो आणि श्वास मोकळा होतो. पंपाची जादू ती हीच.

पंपात असते काय?

आपल्याकडे तातडीच्या पंपात बहुधा सालब्युटामॉल किंवा त्याचेच भावंड लिव्होसालब्युटामॉल असते. एका फवाऱ्यात सालब्युटामॉलचे साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध बाहेर पडते. घाबरल्यावर आपल्या शरीरात जे अ‍ॅड्रीनलीन स्रवते, त्याच्या रेणूशी याच्या रेणूचे साम्य आहे. श्वासनलिकांच्या स्नायूंमधील पेशींवर बीटा-२ नावाचे ग्राही रेणू असतात. सालब्युटामॉल तेथे जाऊन बसते आणि स्नायू सैल पडतात. परिणाम काही मिनिटांत सुरू होतो आणि चार ते सहा तास टिकतो.

आता वरची तीन कारणे पुन्हा आठवू. स्नायू, सूज आणि कफ यांपैकी सालब्युटामॉलने फक्त पहिल्याला हात घातला. अस्तराची सूज होती तेथेच राहिली. गळक्या कौलाखाली बादली ठेवली की जमीन कोरडी राहते. पण कौल फुटलेलेच असते, आणि बादली ठेवल्यामुळे कौल शाकारण्याची घाईही कुणाला वाटेनाशी होते. दम्याच्या बाबतीत दुसरा तोटा पहिल्याहून मोठा ठरला.

सुजेवर काम करणारे औषध वेगळे असते. श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉईड, म्हणजे बेक्लोमेटासोन, बुडेसोनाइड यांसारखी औषधे, अस्तराचा दाह कमी करतात. यांना प्रतिबंधक औषधे म्हणतात. ती घेतल्यावर पाच मिनिटांत काहीच जाणवत नाही. परिणाम दिसायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. याचा अर्थ असा की ज्या औषधाचा फायदा ताबडतोब जाणवतो ते रोगाच्या मुळाशी जात नाही, आणि जे मुळाशी जाते त्याचा फायदा ताबडतोब जाणवत नाही. रुग्ण कोणत्या औषधावर विश्वास ठेवील, हे सांगायला नको.

पहिला इशारा : इंग्लंड, १९६० नंतर

दम्यावर अ‍ॅड्रीनलीनची इंजेक्शने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दिली जात होती. १९४० च्या सुमारास आयसोप्रेनालीन हे कृत्रिम औषध आले. १९५६ मध्ये अमेरिकेतील रायकर या कंपनीने दाबाखालील वायूच्या साहाय्याने मोजकाच फवारा सोडणारा पंप बाजारात आणला. कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या मुलीला दमा होता; केसांवरच्या फवाऱ्यासारखे औषध का मिळू नये, या तिच्या प्रश्नातून ही कल्पना निघाली, असे सांगितले जाते. रबरी फुगा दाबून काचेच्या नाजूक उपकरणातून औषध हुंगण्याच्या तुलनेत ही मोठीच सोय होती.

त्यानंतर थोड्याच वर्षांत इंग्लंड आणि वेल्समध्ये एक विपरीत गोष्ट दिसू लागली. उपचार अधिक सोपे आणि प्रभावी झाले असताना दम्याने होणारे मृत्यू वाढू लागले. स्पायझर, डॉल आणि हीफ यांनी १९६८ मध्ये ही आकडेवारी प्रसिद्ध केली. १० ते १४ वर्षे वयाच्या मुलांमधील दम्याचा मृत्युदर सात वर्षांत जवळजवळ आठपट झाला होता. १९६६ मध्ये या वयातील एकूण मृत्यूंपैकी ७ टक्के मृत्यू दम्याने झाले होते.

संशय पंपांकडे वळला. आयसोप्रेनालीन श्वासनलिकांप्रमाणे हृदयावरही काम करते आणि त्याचे ठोके वाढवते. शिवाय इंग्लंडमध्ये त्याचा पाचपट तीव्र असा ‘फोर्ट’ प्रकार विकला जात होता. पॉल स्टॉली यांनी १९७२ मध्ये निरनिराळ्या देशांची तुलना केली, तेव्हा मृत्यूंची लाट मुख्यतः हा तीव्र पंप विकला जाणाऱ्या देशांतच आल्याचे दिसले. अमेरिकेत तो विकला जात नव्हता, आणि तेथे अशी लाट आली नाही. इंग्लंडमध्ये १९६७ मध्ये डॉक्टरांना इशारा देण्यात आला आणि १९६८ च्या अखेरीस डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पंप विकण्यास बंदी झाली. मृत्यू कमी झाले.

यातून दोन धडे घेता आले असते. एक, हे विशिष्ट औषध वाईट आहे. दोन, आराम देणाऱ्या औषधावर विसंबून राहण्याची पद्धतच घातक आहे. वैद्यकाने प्रामुख्याने पहिला धडा घेतला. तो चुकीचा नव्हता. ब्रिटनमधील अ‍ॅलन अँड हॅनबरीज या कंपनीत डेव्हिड जॅक यांच्या चमूने सालब्युटामॉल तयार केले होते. ते हृदयावर फारसा परिणाम न करता मुख्यतः श्वासनलिकांवर काम करते. १९६९ मध्ये ते बाजारात आले. औषध सुधारले, पद्धत मात्र तीच राहिली.

न्यूझीलंडमधील वाद

न्यूझीलंडमध्ये १९७६ मध्ये फेनोटेरॉल या औषधाचा पंप आला आणि लगेचच तरुणांमधील दम्याचे मृत्यू वाढू लागले. कारणांचा शोध अनेक वर्षे चालला. अखेर १९८९ मध्ये ज्युलियन क्रेन, नील पिअर्स, रिचर्ड बीस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दम्याने मरण पावलेल्या रुग्णांची तुलना जिवंत राहिलेल्या रुग्णांशी केली. फेनोटेरॉल दिलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले.

यावर जो आक्षेप घेतला गेला तो वर्गात चर्चेला घ्यावा इतका महत्त्वाचा आहे. आक्षेप असा : डॉक्टर हे औषध अधिक आजारी रुग्णांनाच देत असतील तर मृत्यू अधिक होणारच. जेथे आगीचे बंब अधिक दिसतात तेथे नुकसानही अधिक झालेले असते. म्हणून बंबांनी नुकसान केले, असे कोणी म्हणत नाही. आग मोठी असल्याने बंब अधिक आले आणि नुकसानही अधिक झाले.

हा आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो तपासून पाहता येतो. संशोधकांनी केवळ गंभीर रुग्ण निवडले आणि त्यांच्यातच तुलना केली. आक्षेप खरा असता तर समान गंभीर रुग्णांमध्ये फरक नाहीसा व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो अधिकच ठळक झाला. १९८९ मध्ये न्यूझीलंड सरकारने फेनोटेरॉलच्या वापरावर निर्बंध आणले आणि मृत्युदर सुमारे निम्म्यावर आला. याच काळात श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉईडचा वापरही वाढत होता, त्यामुळे सगळे श्रेय एका निर्बंधाला द्यावे की नाही, यावर तज्ज्ञांमध्ये मतभेद राहिले. पण मतभेदाची ही दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे : आराम देणारे औषध कमी होणे आणि सूज कमी करणारे वाढणे, यांपैकी कोणतेही कारण धरले तरी निष्कर्ष एकाच दिशेला जातो.

१९९० मध्ये न्यूझीलंडमधीलच माल्कम सिअर्स यांच्या गटाने आणखी एक महत्त्वाचा प्रयोग केला. त्याच रुग्णांना काही आठवडे फेनोटेरॉल ठरावीक वेळी रोज चारदा दिले आणि काही आठवडे फक्त त्रास झाल्यावर घ्यायला सांगितले. रोज नियमाने औषध घेतले त्या काळात बहुतेकांचा दमा अधिक बिघडला. आज याचे स्पष्टीकरण देता येते. ग्राही रेणूंना सतत उत्तेजन मिळाले की पेशी त्यांची संख्या कमी करतात. मग तेवढ्याच औषधाचा परिणाम कमी पडतो आणि श्वासनलिका बाहेरच्या त्रासदायक गोष्टींना अधिक तीव्रतेने प्रतिसाद देऊ लागतात.

१९९२ मध्ये कॅनडातील सास्कॅचेवान प्रांतातील नोंदींवरून दिसले की अशा पंपांचा खप जसा वाढतो तसा मृत्यूचा धोका वाढतो. त्याच प्रांतातील नोंदींवर आधारित २००० सालच्या अभ्यासात याची दुसरी बाजू समोर आली. सामी सुइसा आणि सहकाऱ्यांना आढळले की वर्षभरात स्टेरॉईडचा प्रत्येक जादा पंप वापरल्यास मृत्यूचा दर २१ टक्क्यांनी घटतो.

‘सौम्य’ या शब्दाचा धोका

हे सर्व माहीत असूनही उपचारांच्या मार्गदर्शिकांत पहिली पायरी तीच राहिली : दमा सौम्य असेल, अधूनमधून त्रास होत असेल, तर त्रास झाल्यावर फक्त तातडीचा पंप घ्यावा. प्रतिबंधक औषध दुसऱ्या पायरीवर. वरवर पाहता यात गैर काही नाही. थोडा त्रास, थोडे औषध.

पण सौम्य ठरवले कशावरून? त्रास किती वेळा होतो त्यावरून. पुढचा झटका केवढा येईल, हे त्यावरून कळत नाही. ब्रिटनमधील दम्याच्या मृत्यूंची राष्ट्रीय तपासणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १९५ मृत्यूंचा बारकाईने अभ्यास केला होता. ज्या १५५ जणांच्या दम्याची तीव्रता ठरवता आली, त्यांतील निम्म्याहून अधिकांवर सौम्य किंवा मध्यम दमा समजून उपचार चालू होते. ज्या १६५ जणांच्या पंपांची संख्या नोंदलेली होती, त्यांपैकी ६५ जणांना, म्हणजे ३९ टक्क्यांना, मृत्यूपूर्वीच्या एका वर्षात तातडीचे १२ हून अधिक पंप लिहून दिले होते. सहा जणांना तर पन्नासहून अधिक. म्हणजे इशारा औषधाच्या चिठ्ठ्यांमध्येच लिहिलेला होता, फक्त तो कोणी मोजला नाही.

येथे थोडे अंकगणित करू. एका पंपात साधारण २०० फवारे असतात. वर्षाला १२ पंप म्हणजे २,४०० फवारे, दिवसाला सहा-सात. वर्षाला तीन पंप म्हणजे ६०० फवारे. दिवसाला दोनही नाहीत. तरीसुद्धा ‘जीना’ या दम्यावरील जागतिक पुढाकाराच्या मार्गदर्शिकेनुसार वर्षाला तीन किंवा अधिक पंप लागणे हे गंभीर झटक्यांचा धोका वाढल्याचे लक्षण आहे आणि १२ किंवा अधिक लागणे हे मृत्यूचा धोका वाढल्याचे.

२०१७ मध्ये पॉल ओ’बर्न आणि सहकाऱ्यांनी या पायऱ्यांमधील विसंगतींवर नेमके बोट ठेवले. आपण रुग्णाला प्रथम सांगतो, ‘त्रास झाला की हे घे, लगेच बरे वाटेल.’ त्याला तसा अनुभव येतो आणि त्याचा विश्वास बसतो. पुढच्या पायरीवर आपण सांगतो, ‘आता ते कमी कर आणि हे दुसरे औषध रोज घे; बरे वाटत असले तरी घे.’ रुग्ण ते घेत नाही, तेव्हा आपण म्हणतो, रुग्ण ऐकत नाहीत. खरे पाहता रुग्ण आपण शिकवलेलेच इमानेइतबारे आचरत असतो. शिक्षकांना हा प्रकार अपरिचित नसावा. पहिल्या इयत्तेत चुकीच्या पद्धतीने घोटून घेतलेली गोष्ट पाचवीत पुसता येत नाही, आणि दोष मात्र मुलाच्या माथी येतो.

पन्नास वर्षांनंतरचा बदल

सालब्युटामॉल बाजारात आल्याला बरोबर पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०१९ मध्ये, ‘जीना’ने आपली भूमिका बदलली. प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना केवळ तातडीच्या, अल्पकाळ टिकणाऱ्या पंपावर ठेवू नये; दम्याच्या प्रत्येक रुग्णाच्या उपचारात श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉईड असलेच पाहिजे, असे तिने सांगितले.

यामागची युक्ती मार्मिक आहे. रुग्ण त्रास झाल्यावरच औषध घेतो, ही सवय उपदेशाने जात नाही. मग त्या सवयीचाच उपयोग का करू नये? फॉर्मोटेरॉल नावाचे औषध स्नायू लगेच सैल करते आणि त्याचा परिणाम बराच काळ टिकतो. ते आणि बुडेसोनाइड एकाच पंपात घालून द्यायचे. रुग्ण आरामासाठी पंप घेईल आणि प्रत्येक फवाऱ्यासोबत सुजेवरचे औषधही आपोआप पोटभर नाही तरी घोटभर मिळेल. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, सौम्य दम्यात हा संयुक्त पंप गरजेनुसार घेणाऱ्यांमधील गंभीर झटके, केवळ आराम देणारा पंप घेणाऱ्यांपेक्षा ६४ टक्क्यांनी कमी आढळले. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी सूचना थोड्या वेगळ्या आहेत. तेथे रोज थोडे स्टेरॉईड, किंवा तातडीचा पंप घ्यावा लागेल त्या त्या वेळी स्टेरॉईडचाही पंप, असे पर्याय आहेत. कोणत्या मुलाला काय द्यायचे, हे अर्थातच डॉक्टरांनी ठरवायचे. लेख वाचून कोणी आपले औषध बदलू किंवा बंद करू नये.

श्वासावाटे घ्यायच्या औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ते थेट श्वासनलिकांत जाते. त्यामुळे ‘स्टेरॉईड’ हा शब्द ऐकून वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्या माणसाची सुजलेली चेहरेपट्टी डोळ्यांसमोर आणण्याचे कारण नाही. मुलांची उंची वाढण्याच्या वेगावर त्याचा किंचित परिणाम होऊ शकतो आणि म्हणून कमीत कमी आवश्यक मात्रा दिली जाते. घेतल्यावर चूळ भरायची असते, एवढी काळजी पुरे.

आपल्याकडची गोष्ट

आतापर्यंतची चर्चा पंपाच्या अतिवापराची होती. भारतात प्रश्न आणखी एक पायरी मागे आहे. येथे पुष्कळ रुग्णांपर्यंत पंपच पोहोचत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीत, छातीतून शिट्टीसारखा आवाज येण्याचा त्रास असलेल्यांपैकी ८२ टक्के लोकांना दम्याचे निदानच मिळालेले नव्हते. ‘बाळदमा आहे, मोठेपणी जाईल’, ‘अ‍ॅलर्जिक सर्दी आहे’, ‘छातीत कफ आहे’ अशी नावे देऊन दमा हा शब्द टाळला जातो. मुलीच्या बाबतीत तर लग्नाच्या धास्तीने अधिकच.

आणि औषध मिळते तेव्हा ते बहुधा गोळी, पातळ औषध किंवा इंजेक्शन या रूपात. ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय, त्याची सवय लागते, गोळी आपली बरी,’ असा समज गावात आहे तसा शहरातही आहे. त्याचे गणित मांडून पाहा. सालब्युटामॉलची एक गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. म्हणजे २,००० किंवा ४,००० मायक्रोग्रॅम. पंपाचे २० ते ४० फवारे! ते पोटातून रक्तात, रक्तातून सर्वांगात जाते. हात थरथरतात, छाती धडधडते आणि परिणाम सुरू व्हायला अर्धा तास लागतो. सूज मात्र याही औषधाने कमी होत नाही. ज्याला सौम्य समजून जवळ केले ते प्रत्यक्षात अधिक जड औषध आहे.

म्हणून आपल्याकडे टीका दुहेरी हवी. नुसत्या तातडीच्या पंपावर विसंबणे चूक, आणि पंपाला घाबरून गोळीवर विसंबणे ही त्याहून मोठी चूक. यात किमतीचा प्रश्नही आहे. सालब्युटामॉलचा पंप स्वस्त, संयुक्त पंप त्याहून महाग. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा समावेश आहे. पण यादीत असणे वेगळे आणि तालुक्याच्या दवाखान्यातील कपाटात असणे वेगळे. रुग्णाला ‘रोज घ्या’ असे बजावण्यापूर्वी रोज घेण्याइतके औषध त्याला मिळते का, हे विचारायला हवे.

शाळेला काय करता येईल?

शिक्षकाने डॉक्टर व्हावे, अशी अपेक्षा नाही. पण शिक्षकाजवळ एक गोष्ट असते जी डॉक्टरांजवळ नसते : मूल रोज पाच-सहा तास त्याच्या नजरेसमोर असते. पंप किती वेळा बाहेर निघतो, हे तो पाहू शकतो. आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा पंप लागत असेल, खेळाच्या तासाला मूल मागे बसू लागले असेल, रात्रीच्या खोकल्यामुळे वर्गात पेंगत असेल, तर त्याचा दमा आटोक्यात नाही. ‘पंप घेतो आणि ठीक होतो’ हे समाधानाचे वाक्य नव्हे, पालकांना बोलावण्याचे कारण आहे.

प्रत्यक्ष झटका आला तर वेळ न घालवता पंप द्यावा. ऑस्ट्रेलियातील शाळांत यासाठी चार-चार-चारचा सोपा नियम शिकवतात. मुलाला ताठ बसवायचे, आडवे करायचे नाही. स्पेसरमधून एका वेळी एक असे चार फवारे, प्रत्येक फवाऱ्यानंतर चार श्वास, मग चार मिनिटे थांबायचे. आराम पडला नाही तर रुग्णवाहिका बोलवायची (आपल्याकडे १०८) आणि ती येईपर्यंत हेच पुन्हा करत राहायचे. वाक्य पुरे बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील, मूल गळून जात असेल, तर थांबून पाहत बसू नये. छातीतील शिट्टीचा आवाज बंद झाला पण मूल तसेच धडपडत असेल, तर ती सुधारणा नव्हे. हवा आत-बाहेर जाणेच जवळजवळ थांबल्याची ती खूण असू शकते.

स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, नसेल तरी अडत नाही. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे हेदर झार आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले की थंड पेयाच्या ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या तळाला पंप घट्ट बसेल असे भोक पाडून, सांधा बंद करून केलेला स्पेसर विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी पडतो. मुलाने बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायचा. हे काम कार्यानुभवाच्या तासाला सहज होईल, आणि शाळेच्या प्रथमोपचार पेटीत दोन-तीन बाटल्या तयार राहतील.

राहिला प्रश्न शिकवण्याचा. श्वसनसंस्थेचा धडा घेताना आपण नलिका, वायुकोश आणि वायूंची देवाणघेवाण शिकवतो. त्याच तासाला पंधरा मिनिटे काढून फळ्यावर दोन रकाने करावेत : ‘लगेच बरे वाटते ते’ आणि ‘रोग कमी करते ते’. डोकेदुखीची गोळी, खोकल्याचे औषध, प्रतिजैविक, लस, दम्याचा निळा पंप, स्टेरॉईडचा पंप, ही नावे कोणत्या रकान्यात बसतात, हे मुलांनाच ठरवू द्यावे. वाद होतील, आणि व्हायलाच हवेत. त्या वर्गात पंप बाळगणारे एखादे मूल असेल तर ते त्या संध्याकाळी घरी जाऊन विचारील, ‘माझे दुसऱ्या रकान्यातले औषध कुठे आहे?’